अर्धा तास एकच गाणं, आणि त्याला म्हणे वा वा!

मागच्या अंकात मी एक वाक्य टाकलं होतं, की जॅम बँडचं वाजवणं ऐकायला सवाई गंधर्वला रात्र काढायची सवय असलेला माणूस बरा पडतो. एवढ्यावर पत्रं आली! काही रागाची, काही खरंच उत्सुकतेची. जॅम बँड म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका ओळीत सांगतो. एकच गाणं दर रात्री वेगळं वाजवणारा, वाजवता वाजवता ठरवणारा बँड. अमेरिकेतला ग्रेटफुल डेड हा त्यातला आजोबा, १९६५ साली कॅलिफोर्नियात सुरू झाला. या वेळी बहुतेक प्रश्न त्यांच्याबद्दलच आहेत, तर पहिलं पत्र मिरजेचं, आणि ते लांब असलं तरी पूर्ण देतोय कारण मजा आली वाचताना.

प्रश्न: नमस्कार. आमच्या गल्लीत तंबोरे बनतात, जवारी लावतानाचा आवाज लहानपणापासून कानावर आहे, त्यामुळे सूर बेसूर एवढं तरी कळतं असं मी समजतो. भाचा सॅन होजेला असतो. त्यानं मला ग्रेटफुल डेडचं ‘डार्क स्टार’ पाठवलं, २७ ऑगस्ट १९७२ ला ऑरेगनमधल्या व्हेनिटा इथं वाजवलेलं, आणि खाली लिहिलं, ‘मामा, यापेक्षा भारी काही नाही’. अर्ध्या तासाच्या वर आहे ते! मी पूर्ण ऐकलं, मध्ये उठलो नाही. गाणारा माणूस दहा मिनिटं गेल्यावर उगवला, एक कडवं म्हणून गेला तो परत आलाच नाही. मध्ये तर वाटलं गिटारी जुळवतायत. तसं भाच्याला लिहिलं तर दोन दिवस रिप्लाय नाही. आमच्याकडे अर्धा तास कुणी समेवर आलंच नाही तर लोक चहाला उठतील. खरं सांगा, हे चांगलं वाजवलंय का, की मोठं नाव म्हणून लोक माना डोलावतायत? आणि चांगलं असेल तर ओळखायचं कशावरून?

उत्तर: काका, आधी भाच्याची बाजू थोडी सोडून तुमची घेतो. गिटारी जुळवतायत हे तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. त्या दिवशी व्हेनिटाला पारा शंभर फॅरनहाइटच्या वर गेला होता, म्हणजे आपल्या हिशोबात अडतीसच्या पुढे, उघडं मैदान, आणि अशा उन्हात तारा काय करतात ते मिरजेच्या माणसाला मी कशाला सांगू. दुपारभर वाद्यं उतरत होती, हे त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकूही येतं. कार्यक्रम कशासाठी होता माहितीये? एक डेअरी वाचवायला. लेखक केन कीझीच्या भावाची स्प्रिंगफील्ड क्रीमरी पैशाच्या अडचणीत होती, तिच्या मदतीसाठी बँड आला आणि तिकिटं छापली दह्याच्या डब्यांच्या लेबलांवर. डार्क स्टार आलं ते तिसऱ्या भागात, ऊन उतरल्यावर. म्हणजे तुम्ही जे ऐकलंत ते दिवसभर भाजून निघालेल्या माणसांचं संध्याकाळचं वाजवणं आहे, आणि मला तरी त्यात ते ऐकू येतं, ती एक सैल झालेली, घाई संपलेली चाल.

आता गाणं मुळात काय आहे ते. १९६८ ला हे सिंगल म्हणून आलं तेव्हा तीन मिनिटांच्या आत संपायचं. शब्द रॉबर्ट हंटरचे, दोन कडवी. खाली दोनच कॉर्ड मुख्यतः, त्यावर झुलत राहायचं. इंग्रजी ए पट्टीला सा धरलात तर निषाद कोमल आणि बाकी सगळं शुद्ध, म्हणजे थाट खमाज! एक छोटीशी सुरावट आहे जी सुरुवातीला येते आणि मधून मधून परत डोकावते, तिला मुखडा म्हणा. बस, एवढंच ठरलेलं. मुखडा, दोन कडवी, एक थाट. बाकीचं अख्खं रान मोकळं.

त्यामुळे सम शोधत बसलात तर वैतागच येणार, कारण इथे आवर्तनच नाही. किती वेळानं परत यायचं हे ठरलेलं नाही, कुठे परत यायचं तेवढं ठरलंय. आणि कोण परत आणणार हेही ठरलेलं नाही, ही खरी गंमत आहे.

मी अशा वाजवण्याची समीक्षा करताना एकच गोष्ट धरून बसतो, कोण कुणाचं ऐकतंय. मुख्य गिटारवाल्या जेरी गार्सियाची बोटं किती पळतायत हे नाही (त्याचं उजव्या हाताचं मधलं बोट लहानपणीच कुऱ्हाडीखाली गेलेलं, तरी पळतात), किती मिनिटं वाजवलं हे तर नाहीच नाही. एकानं काहीतरी टाकलं, ते दुसऱ्यानं उचललं का? उचलून तसंच परत दिलं की त्यात काही घातलं? आणि एखाद्यानं टाकलेलं कुणीच उचललं नाही तर तो हट्टानं तेच वाजवत बसला की सोडून दिलं? हे तीन प्रश्न विचारत ऐकलं की जॅम चांगला की वाईट हे साधारण दहा मिनिटांत कळतं, मग तो कुठलाही बँड असो.

आपल्या ख्यालात तंबोरा आणि ठेका जागेवर असतात म्हणून गायक लांब जाऊ शकतो. इथे काय होतं, कल्पना करा की तंबोराच उठून गायकाच्या पुढे चालायला लागला. हा तंबोरा म्हणजे बास, खालच्या सुरांची गिटार, वाजवणारा फिल लेश. हा माणूस मूळचा ट्रम्पेटवाला, मिल्स कॉलेजात लुचानो बेरिओसारख्या आधुनिक संगीतकाराकडे शिकलेला, बँडमध्ये आला तेव्हा बास हातात पहिल्यांदाच धरली, त्यामुळे बासनं खाली गुमान ठेका धरायचा असतो हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो गार्सियाशी समोरासमोर बोलतो, कधी कधी भांडतो. बॉब वीअर दुसऱ्या गिटारवर, तो सलग काहीच वाजवत नाही, मध्ये मध्ये कॉर्डचे तुकडे फेकतो, आणि हे तो जॅझवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या पियानोवाल्याचा, मकॉय टायनरचा डावा हात ऐकून शिकला असं तो स्वतः सांगायचा. पियानोवर कीथ गॉडशॉ. ड्रमवर त्या दिवशी एकटा बिल क्रॉइट्झमन, कारण दुसरा ड्रमवाला मिकी हार्ट १९७१ ला बँड सोडून गेलेला आणि परतला थेट १९७४ ला. हे एकटं असणं महत्त्वाचं आहे बरं का, दोन ड्रमवाले असले की गाडी वळायला वेळ लागतो, एकटा क्रॉइट्झमन म्हणजे रिक्षा, कुठेही वळते.

तर आता परत एकदा लावा आणि सुरुवातीचा, कडव्याआधीचा भाग ऐका. माझ्या मते अख्ख्या रेकॉर्डिंगमधला सर्वोत्तम भाग हाच, आणि नेमका इथेच तुम्ही गाणारा कधी येतो याची वाट बघत बसलात! आपल्याकडे आलाप चालू असताना बंदिश कधी सुरू होणार म्हणून कुणी घड्याळ बघतं का? गार्सिया एक ओळ सुरू करतो, अर्धी सोडतो, आणि ती उरलेली अर्धी कधी बासमधून येते तर कधी पियानोतून. कुणीही जोरात नाही. मुखडा दोनदा दाराशी येऊन जातो असं वाटतं, आत येत नाही. मग तो येतो, गार्सिया कडवं म्हणतो, आणि त्याचा तो थकलेला, किंचित चिरका आवाज तिथे मला फार योग्य वाटतो, पण ज्यांना आवाजाची तयारी लागते त्यांना नाही आवडणार, मान्य.

कडव्यानंतर सगळं विरघळतं. बास आणि ड्रम यांचा एक मोठा पट्टा येतो, आणि इथे माझी पहिली तक्रार. लेशकडे सांगायला खूप आहे पण ऐकायला त्या वेळी कुणी पुढे येत नाही, गिटारी बाहेर उभ्या राहिल्यासारख्या होतात, दोघांचं खासगी बोलणं आपण भिंतीपलीकडून ऐकतोय असं होतं. वाईट नाही, सैल आहे. नंतर हळूहळू ते चढत जातं आणि मग तो गोंधळ, ज्यात गिटार किंचाळते, सूर पार मोडतात. तुम्हाला तो भाग असह्य झाला असणार. तो मुद्दाम कुरूप आहे, चुकून नाही, आणि त्यातलं पहिलं मिनीट दोन मिनिटं खरंच अंगावर काटा आणतं कारण चौघं पाचजण एकदम कड्यावरून उडी मारतात, एकही मागे राहत नाही. पण लांबलाय. आवाज वाढवला म्हणजे उत्कर्ष झाला असं होत नसतं, आणि हा रोग आपल्याकडच्या जुगलबंद्यांनाही आहे, शेवटी तबला सतार दोघं मिळून धडाधड सुरू होतात, लोक टाळ्या पिटतात, नवीन एक अक्षर सांगितलेलं नसतं.

आणि मग सगळ्या राखेतून काय निघतं? ‘एल पासो’! मार्टी रॉबिन्सचं जुनं काउबॉय गाणं, तीन मात्रांची चाल, प्रेम, खून, घोडा, सगळं. काही जणांना हा प्रकार रसभंग वाटतो, मला विचाराल तर यासारखी जागा नाही. अर्धा तास आकाशात फिरून माणूस अचानक घराच्या ओट्यावर येऊन बसतो. भाच्यानं फक्त डार्क स्टार पाठवलं असेल आणि एल पासो कापलं असेल तर चूक त्याची आहे, त्याला सांगा.

दुसऱ्या कडव्याचं तुमचं म्हणणं रास्त आहे. त्या काळात ते बरेचदा पहिलंच म्हणून सोडून द्यायचे. तुम्हाला वर्तुळ पूर्ण झालेलं हवं असेल तर १९६९ चा ‘लाइव्ह/डेड’ अल्बम ऐका, त्यातलं डार्क स्टार २७ फेब्रुवारी १९६९ चं, सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमधलं, तेवीस मिनिटांचं, एलपीची अख्खी पहिली बाजू. दोन्ही कडवी आहेत, मागे टॉम कॉन्स्टंटनचा ऑर्गन आहे, ड्रमवाले दोन असूनही बराच वेळ नुसती खरखर, टिचक्या, एवढंच. ते बांधीव आहे. व्हेनिटाचं मोकाट आहे. मला कुठलं जास्त आवडतं हे दिवसावर आहे, आज विचाराल तर व्हेनिटाची पहिली दहा मिनिटं आणि फिलमोरचा शेवट असं जोडून द्या म्हणेन.

भाच्याला काय लिहायचं? ‘ट्युनिंग चाललंय’ असं नका लिहू, त्यापेक्षा लिहा की ‘कडव्याआधी बास आणि गिटारचं बोलणं फार आवडलं, कडव्यानंतर बासचा पट्टा सैल वाटला, शेवटचा गोंधळ अर्ध्यात आवरायला हवा होता’. बघा दोन दिवस नाही, दोन मिनिटांत रिप्लाय येतो की नाही. भांडायला का होईना, येईल.

प्रश्न: दादा, आम्ही चौघं पुण्यात एका कॉलेजला आहोत, बँड आहे, गॅदरिंगला पंधरा मिनिटं जॅम केला. पाचव्या मिनिटाला लोक मोबाईल काढून बसले आणि परीक्षकांनी कागदावर एकच शब्द लिहिला, ‘दिशाहीन’. आम्हाला तर वाजवताना भारी वाटत होतं!! चुकलं काय?

उत्तर: मित्रा, वाजवताना भारी वाटत होतं हाच पहिला धोक्याचा इशारा. वाजवणाऱ्याला स्वतःचं वाजवणं ऐकू येतं म्हणून भारी वाटतं. तुमचं रेकॉर्डिंग मी ऐकलं (लिंक दिलीस ते बरं केलंस) आणि खरं सांगू का, चौघं चार खोल्यांत बसून वाजवतायत. तुझी गिटार नवव्या मिनिटाला एक छान वळण घेते, खरंच छान, आणि ड्रमवाला त्याच वेळी आपला ठरवलेला ड्रमचा तुकडा मारतो, त्याला पत्ताच नाही.

व्हरमाँटमध्ये १९८३ साली कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेला फिश नावाचा बँड आहे, जॅम बँडांमधलं दुसरं मोठं नाव. ते रियाजाला एक खेळ खेळायचे. एकानं छोटा तुकडा वाजवायला घ्यायचा, बाकीच्यांनी त्यात आपापलं काहीतरी जुळवायचं, आणि आपल्याला वाटलं की बाकीचे तिघंही आता नीट बसलेत, की मोठ्यानं ‘हे!’ म्हणायचं. चौघांचं ‘हे’ झालं की पुढच्यानं आपला तुकडा बदलायचा, परत सगळं पहिल्यापासून. यातली मेख कळली का? स्वतः बसलो का हे बघायचं नाहीये, दुसरे बसलेत का ते बघायचंय. त्यासाठी ऐकावंच लागतं, सुटका नाही. महिनाभर हे करा, रोज वीस मिनिटं, गाणं बिणं काही नको.

फिशचे चाहते जॅमचे दोन प्रकार करतात, पहिला जो गाण्याच्या कॉर्ड आणि तालातच राहून फुलतो, दुसरा जो गाणं सोडून भलतीकडेच जातो. तुम्ही डायरेक्ट दुसऱ्यात उडी मारलीत. आधी पहिला करा, पाच मिनिटांचा, आणि सगळ्यांनी मिळून एका क्षणी संपवून दाखवा. एकत्र संपवणं हे एकत्र सुरू करण्यापेक्षा फार अवघड आहे राव.

आणि परीक्षकांवर रागावू नका. ग्रेटफुल डेडमध्ये स्वतःच्याच लोकांनी यापेक्षा कडक शेरा मारला होता. १९६८ च्या उत्तरार्धात बाकीच्यांना वाटायला लागलं की बॉब वीअर आणि गाणारा, ऑर्गन वाजवणारा पिगपेन हे दोघं जॅममध्ये मागे पडतायत, त्यांना काढायचंच ठरत होतं, आणि उरलेल्यांनी ‘मिकी अँड द हार्टबीट्स’ नावानं त्यांच्याशिवाय कार्यक्रमही केले. दोघं टिकले. हाच तो वीअर ज्याच्या तुकड्यांचं मी वर मिरजेच्या काकांना कौतुक सांगितलं, चार वर्षांत.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते, मूळची नाशिकची. एकाच कार्यक्रमाची तीन तीन रेकॉर्डिंगं मिळतात आणि प्रत्येक ऐकून मत बदलतं. मग समीक्षा नक्की कार्यक्रमाची करतोय की रेकॉर्डिंगची?

उत्तर: ताई, प्रश्न एक नंबर. दोन्हीची, आणि म्हणूनच कुठलं ऐकलं ते आधी लिहायचं. साउंडबोर्डवरून, म्हणजे मंचावरचे सगळे माइक जिथे जोडलेले असतात त्या यंत्रातून थेट घेतलेल्या टेपमध्ये प्रत्येक वाद्य स्वच्छ, सुकं, जवळ येतं पण हॉल गायब होतो, लोक गायब होतात. गर्दीत माइक उभा करून घेतलेल्या टेपमध्ये शेजारचा माणूस खोकतो, कुणीतरी मित्राला हाका मारतं, बास पोटात घुसते, आणि वाजवणारे थांबले तेव्हा अख्खा हॉल कसा श्वास धरून होता ते कळतं. मी बोर्डवर ऐकून एखादा भाग ‘रिकामा’ म्हणतो आणि गर्दीच्या टेपवर कळतं की तिथे शांतता मुद्दाम होती.

ग्रेटफुल डेडची एवढी रेकॉर्डिंगं आहेत कारण बँडनं लोकांना टेप करू दिलं, १९८४ पासून तर टेपवाल्यांना बसायला वेगळा विभागच केला. पैसे घेऊन विकायचं नाही, आपसात अदलाबदल करायची. आता त्यातली हजारो इंटरनेट अर्काइव्हवर पडून आहेत, फुकट.

आणखी एक, १९७४ ची ऐकत असाल तर सांभाळून. त्या वर्षी त्यांनी ‘वॉल ऑफ साउंड’ म्हणून स्पीकरची अवाढव्य भिंत उभी केली होती, साधारण पंच्याहत्तर टनांची, आणि ती बँडच्या मागे होती. म्हणजे लोक जे ऐकतायत तेच वाजवणारे ऐकतायत. एकमेकांचं ऐकण्यासाठी याहून भारी सोय नाही, आणि मला त्या वर्षीच्या जॅममध्ये तो फरक जाणवतो. पण आवाज माइकमध्ये परत घुसू नये म्हणून गाणाऱ्यांसाठी दोन दोन माइक उलटे जोडून लावले होते, त्यामुळे गाणं पातळ, नाकातलं येतं. त्याचं खापर गळ्यावर फोडू नका.

प्रश्न: नशा केल्याशिवाय हे संगीत कळत नाही असं मित्र म्हणतो. खरं आहे का? — नागपूर

उत्तर: नाही. ग्रेटफुल डेड १९६५-६६ च्या केन कीझीच्या अॅसिड टेस्ट, म्हणजे एलएसडीच्या पार्ट्यांत वाढला हे खरं, आणि त्या नशेनं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं काय केलं हेही लपलेलं नाही. पण मी पहिल्यांदा डार्क स्टार ऐकलं ते एसटीत, पुणे ते महाड, वरंधा घाटात, मित्रानं भरून दिलेल्या कॅसेटवर, पोटात फक्त एक वडापाव. बाजू संपली म्हणून उलटी केली तरी तेच गाणं चालू! कळलं काहीच नाही, पण महाडला उतरल्यावर परत पहिल्यापासून लावलं. मित्राला सांग, कान पुरतात.

प्रश्न: झाकीर हुसेन यांचा या मंडळींशी संबंध होता असं ऐकलं. नक्की काय? आणि मग यालाच आपण फ्युजन म्हणायचं का? — दादर

उत्तर: होता आणि चांगला घट्ट होता. मिकी हार्ट, तो सोडून गेलेला आणि परत आलेला ड्रमवाला, १९६७ मध्ये झाकीरभाईंच्या वडिलांच्या, अल्लारखाँसाहेबांच्या तबल्यानं वेडा झाला आणि त्यांच्याकडून हिशोब शिकला. त्याच सुमारास बँडनं ‘द इलेव्हन’ नावाची चीज बसवली, नावाप्रमाणे अकराच्या मोजणीची, आपल्याकडच्या रुद्र तालाच्या अकरा मात्रा आठवा. पुढे माहीमचे आपले झाकीरभाई कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात शिकवत होते, तिथून दिगा ऱ्हिदम बँड निघाला आणि १९७६ ला ‘दिगा’ हा अल्बम आला, त्यात गार्सियाही वाजवून गेलाय. १९९१ चा ‘प्लॅनेट ड्रम’ हार्टचा, त्यात बाकी तालवाद्यवाल्यांबरोबर झाकीरभाईही आहेत, त्याला ग्रॅमी मिळालं, आणि वर्ल्ड म्युझिकसाठी दिलेलं ते पहिलंच ग्रॅमी होतं.

फ्युजन म्हणू नका पण. डार्क स्टारमध्ये खमाजचे सूर आहेत म्हणून तो खमाज होत नाही, चलन नाही, वर्ज्य काही नाही, आणि गार्सिया त्यातून सटकून कुठेही जातो. मी तुलना करतो ती ऐकायची सवय लावायला, नातं लावायला नाही.

प्रश्न: तुम्ही नेहमी कौतुकच करता. एखादं वाईट उदाहरण द्या, म्हणजे फरक कळेल. आणि एक नवख्यासाठी चांगलंही. — कोल्हापूर

उत्तर: वाईट? वुडस्टॉक. १६ ऑगस्ट १९६९ ची रात्र, जगातला सगळ्यात गाजलेला मंच, आणि बँडच्याच लोकांनी पुढे आयुष्यभर सांगितलं की आम्ही तिथे भयंकर वाजवलं. पाऊस, ओला मंच, अर्थिंगचा घोळ, गिटारला हात लावला की शॉक. डार्क स्टार तिथेही आहे. गंमत म्हणजे एकेकट्याचं वाजवणं तितकं टाकाऊ नाहीये, पण कुणीही कुणाकडे बघायला तयार नाही, सगळ्यांचं लक्ष आपापल्या बोटांना झटका बसतोय का याकडे. शेवटचं ‘टर्न ऑन युवर लव्ह लाइट’ तर संपायचं नावच घेत नाही. सहा महिने आधीचं फिलमोर वेस्ट आणि हे, एका पाठोपाठ एक ऐका. माणसं तीच, गाणं तेच.

चांगल्यासाठी मी व्हेनिटा नाही देणार, नवख्याला जड जातं. २९ मार्च १९९० घ्या, न्यूयॉर्कजवळचं नॅसॉ कॉलिझियम. जॅझ सॅक्सोफोनवाला ब्रॅनफर्ड मार्सालिस पाहुणा आला होता, पहिल्या भागात ‘बर्ड साँग’ या एका गाण्यात वाजवलं आणि ते इतकं जमलं की बँडनं त्याला जाऊच दिलं नाही, दुसऱ्या भागातही घेतलं, डार्क स्टारसकट. यात ऐकणं इतकं उघडं दिसतं की सांगायला लागत नाही, नवीन माणूस घरात आला की घरचे कसे नीट बसून बोलतात, तसं. गार्सियाचा त्या वर्षीचा आवाज थोडा घासलेला आहे आणि कीबोर्डचा तो नव्वदीचा चकचकीत आवाज मला आजही खटकतो, तरी. आधी बर्ड साँगच लावा, ते बाराएक मिनिटांचं आहे, आणि सॅक्सोफोन पहिल्यांदा गार्सियाची ओळ उचलतो ती जागा सापडली की मला लिहा. डार्क स्टारला नंतर बसा, चहा आधी करून ठेवा, मध्ये उठायचं नाही.